घासकामाचा शनिवार

सकाळी ६

बेसमेंटचा दिवा लावला की आधी भिंतींचा रंग बघायचा. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या बोर्डांच्या, सांध्यांवर लावलेलं मड (सांधे भरायचा लगदा) ओलं असताना करडं दिसतं आणि पुरतं वाळलं की पांढरंफटक होतं. कुठे शंका आली तर मी हाताची मागची बाजू टेकवून बघते, ओल असेल तिथे गार लागतं. ओल्यावर पॉलिश पेपर चालवला तर कागदावर गोळ्या धरतात आणि भिंतीवर ओरखडे उठतात. तिसरा हात गुरुवारी दिला, त्यानंतर डिह्युमिडिफायर अखंड चालू आहे. आज कोपऱ्यांतही पांढरं आहे, तेव्हा आज घासायला हरकत नाही.

घर न्यू जर्सीतलं, १९६८ सालचं. बेसमेंटमध्ये लेकीसाठी अभ्यासाची खोली काढतोय आणि ती दिवाळीच्या आत व्हावी असं सगळ्यांच्याच मनात आहे. वर माझ्या सासूबाई आहेत, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांना दमा आहे. त्यामुळे आजचा दिवस आखताना भिंत किती गुळगुळीत होईल याचा विचार मी नंतर केला. जिन्याच्या वर धूळ जाता कामा नये, हे आधी ठरवलं.

जिन्यालगतची एक भिंत मूळ घराची आहे. अमेरिकेत सांधे भरायच्या मडमध्ये १९७७ पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकायचं आणि घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. आमचं घर त्या दोन्हींच्या आधीचं. म्हणून काम काढण्यापूर्वीच त्या भिंतीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. दोन्ही नाही असा अहवाल आल्यावरच ही भिंत आजच्या कामात धरली. जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. अ‍ॅस्बेस्टॉस असलेली भिंत घरच्या माणसाने घासायचीच नाही, मास्क लावूनही नाही.

सकाळी ७

आंघोळी सगळ्यांनी लवकर उरकल्या आहेत, कारण आता वॉटर हीटरचा गॅस बंद करायचा आहे. फर्नेस आणि वॉटर हीटर बेसमेंटच्याच एका कोपऱ्यात, झडपांच्या दाराआड आहेत. फर्नेस चालू राहिली तर तिचा पंखा इथली हवा ओढून पाइपांतून घरभर सोडणार, अगदी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, उशाशी असलेल्या जाळीतूनसुद्धा. म्हणून थर्मोस्टॅट बंद, पंख्याचं बटणही बंद. ऑक्टोबरात एक दिवस हीटिंगवाचून निभतं. जानेवारीत हे काम काढलं असतं तर फार अवघड गेलं असतं.

गॅस बंद करण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. खोलीतली हवा आम्ही पंख्याने बाहेर फेकणार आहोत. तशी ओढ असताना वॉटर हीटर पेटलेला राहिला, तर त्याच्या धुराड्यातून वर जायचा वायू उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. झडपांच्या दारावर प्लास्टिक ताणून चिकटवायचं तर आतली जाळ असलेली दोन्ही यंत्रं आधी बंद झालीच पाहिजेत. प्लास्टिक निघेपर्यंत ती पेटवायची नाहीत, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावते.

मग छतातल्या आणि भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांवर प्लास्टिक, चारही बाजूंनी टेप. स्विचबोर्डांच्या उघड्या डब्यांवर टेप. जिन्याच्या तोंडाशी चेनचा प्लास्टिक पडदा. धुराचा अलार्म धुळीनेही वाजतो, म्हणून खोलीतल्या तेवढ्या एकावर टोपी घालते आणि ‘अलार्म’ असं लिहून चिठ्ठी माझ्या फोनच्या पाठीला चिकटवते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वर जिन्याशी आहे. त्याला हात लावत नाही.

नवरा टेप लावतो, मी मागून बोटाने दाबत जाते. या तासाभरात एकही भिंत घासली जात नाही, तरी दिवसातला सर्वांत मोलाचा तास हाच.

सकाळी ८:१५

धूळ हवेबरोबर जाते. हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार हे आपण ठरवलं नाही, तर ती जिन्यावरून वर जाणार, कारण घरातली उबदार हवा वर चढते आणि खालची हवा तिच्यामागे ओढली जाते. म्हणून बागेकडच्या खिडकीत वीस इंची चौकोनी पंखा बसवला, तोंड बाहेर. पंख्याच्या कडेच्या फटी पुठ्ठ्याने आणि टेपने बुजवल्या, नाहीतर बाहेर फेकलेली हवा त्याच फटींतून परत येते. पडद्याची चेन खाली वीतभर उघडी ठेवली, म्हणजे आत यायची हवा तिथूनच येईल, स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे.

हे खरंच घडतंय का, हे बघायला आईंची उदबत्ती. जिन्याच्या पायरीवर बसून पडद्याच्या फटीजवळ ती धरली की धुराची रेघ आडवी होते आणि आत खेचली जाते. पडद्याच्या वरच्या कडेला धरली, तिथेही धूर आतच वळला. पडद्याचं प्लास्टिकही खोलीच्या बाजूला किंचित फुगलंय. आई वरून विचारतात, “अगं, सकाळी सकाळी खाली पूजा मांडलीस का?” मी त्यांना बोलावून रेघ दाखवते. त्या दोन मिनिटं टक लावून बघतात आणि म्हणतात, “म्हणजे इथून वर काही यायचं नाही.” यायचं नाही.

त्यांच्या खोलीत आणखी एक सोय आहे. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल या दोघांनी हवा गाळायचं एक स्वस्त खोकं सुचवलं. मर्व्ह १३ दर्जाचे चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, वर चौकोनी पंखा ठेवायचा, सगळ्या कडा टेपने बंद. लेकीने तसं एक बनवलंय. ते आजपासून आईंच्या दाराशी दिवसरात्र चालू राहील. खाली घासत्या खोलीत ते ठेवलं असतं, तर फिल्टर दुपारपर्यंत चोंदले असते.

सकाळी ९

नवऱ्याने आज गुळगुळीत दाढी केली आहे. मास्कची कड कातडीला चिकटून बसली पाहिजे. खुंट मध्ये आले की हवा त्या फटीतून आत घेतली जाते आणि मग मास्क कितीही भारी असला तरी उपयोग नाही. आम्ही दोघं रबरी अर्धमुखी मास्क वापरतो, त्याला गुलाबी पी १०० डबे. साधा एन ९५सुद्धा या कामाला चालतो. दोन्ही पट्टे नीट बांधायचे, एक डोक्यावर, एक मानेवर, आणि नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची.

ही धूळ कशाची असते? मडमध्ये मुख्यतः चुनखडीची पूड, शिवाय टाल्क, अभ्रक, जिप्सम, आणि कमी-अधिक प्रमाणात स्फटिक सिलिका. सिलिका फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने २०१६ मध्ये तिची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमवर आणली. एखाद्याच शनिवारी भिंत घासणाऱ्याला सिलिकोसिस होत नाही, पण रोज घासणाऱ्याचं आयुष्य वेगळं असतं. आणि दम्याच्या माणसाला निव्वळ चुनखडीची धूळही धाप लावायला पुरते.

डोळ्यांना दिसते ती धूळ जड असते, ती काही मिनिटांत खाली बसते. खरी काळजी न दिसणाऱ्या धुळीची. दहा मायक्रॉनचा कण छतापासून जमिनीवर काही मिनिटांत येतो, एक मायक्रॉनचा तासन् तास तरंगतो आणि तोच श्वासाबरोबर खोलवर जातो. खोली स्वच्छ दिसायला लागल्यावर लोक मास्क काढतात. तेव्हाच तो काढायचा नसतो.

सकाळी ९:३०

पॉलिश पेपरच्या आधी पातं. सहा इंची पातं भिंतीवर आडवं धरून सांध्यावरून सरकवलं की मडचे उंचवटे, थेंब, पात्याच्या कडेने उठलेल्या रेघा टचटच निघून येतात. हे तुकडे जड असतात, सरळ खाली पडतात, हवेत काहीच जात नाही. जेवढं पात्याने निघेल तेवढं घासावं लागत नाही.

खरं म्हणजे आजची धूळ गुरुवारीच ठरून गेलेली आहे. ड्रायवॉलचा बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमधला जिप्सम, साधारण चार बाय आठ फुटांचा, अर्धा इंच जाड. त्याच्या लांब कडा किंचित उतरत्या असतात, त्यामुळे दोन बोर्ड शेजारी लागले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते आणि सांध्यावरची कागदी टेप नि मड त्यात मावतात. आखूड कडांना तो उतार नसतो. तिथे टेप वरच राहते, फुगवटा येतो, आणि तो दिसू नये म्हणून मड दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पसरून विरवत न्यावं लागतं. नवखा माणूस तो फुगवटा जाड थराने लपवायला जातो आणि मग तो सगळा थर त्याला धूळ करून काढावा लागतो. आम्ही पहिल्या हाताला सहा इंची, दुसऱ्याला दहा इंची, तिसऱ्याला बारा इंची पातं घेतलं. प्रत्येक हात कागदासारखा पातळ, दोन हातांच्या मध्ये फक्त खरवडायचं. शेवटचा हात हलक्या वजनाच्या मडचा, ते कमी जोर लावून घासलं जातं. धूळ आटोक्यात ठेवायची याहून स्वस्त रीत मला माहीत नाही. यंत्रं, पिशव्या, फिल्टर यांचा नंबर त्यानंतर.

सकाळी १०:१५

छत आधी. भाड्याने आणलेला लांब दांड्याचा सँडर आहे, गोल तबकडीचा. तिच्यावर जाळीचा पेपर बसतो, ज्याच्या भोकांतून धूळ थेट आत शोषली जाते. तिथून होजने ती एका झाकणबंद बादलीत येते. बादलीत हवा गरगर फिरते, जड कण भिंतीला आपटून तळाशी पडतात, आणि उरलेली बारीक धूळ पुढे व्हॅक्यूमकडे जाते. व्हॅक्यूममध्ये बारीक धुळीची कागदी पिशवी, तिच्यामागे हेपा फिल्टर. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. नुसत्या शॉप व्हॅकला त्याच्या साध्या फिल्टरवर हे काम लावलं, तर पुढून ओढलेली धूळ मागून फवाऱ्यासारखी बाहेर पडते आणि तीही सर्वांत बारीक, नेमकी नको ती.

बादली मध्ये असण्याचा फायदा तासाभराने कळतो. ती नसती तर पिशवी लवकर भरली असती, ओढ कमी झाली असती आणि धूळ तबकडीच्या कडेने निसटायला लागली असती. दर थोड्या वेळाने मी होजच्या तोंडाला हात लावून ओढ बघते.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने ड्रायवॉल घासणाऱ्यांच्या श्वासातली धूळ मोजली होती. काही कामगारांच्या वाट्याला कायद्याच्या मर्यादेच्या दहा पट धूळ आली होती. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने ती ८० ते ९७ टक्के कमी होते. इतका साधा उपाय, इतका मोठा फरक. तरी आजही कितीतरी ठिकाणी दांडीला नुसता कागद लावून घासतात.

पेपर १५० नंबरचा. १२० चा लवकर कापतो, पण हलक्या मडवर त्याचे वळ राहतात आणि रंगाखालून दिसतात. हात सतत हलता ठेवायचा, सांध्याच्या मधोमध थांबायचं नाही, नाहीतर टेप उघडी पडते. आणि कडेला बोर्डाच्या कागदावर जास्त घासलं की त्याला लव उठते, ती रंगानंतर खरखरीत लागते. नवरा छत घासतो, मी होज सांभाळते. मध्ये जागा बदलतो, कारण मान भरून येते.

दुपारी १२:३०

वर जायचं तर आधी पंखा आणि व्हॅक्यूम चालू ठेवून एकमेकांच्या अंगावरून ब्रश फिरवायचा, खांद्यापासून खाली. मग पडद्याच्या आतच अंगावरचे पांढरे कागदी कपडे काढायचे, बूट तिथेच. मास्क पडद्याबाहेर आल्यावर, सर्वांत शेवटी. कपडे झटकायचे नाहीत. झटकणं म्हणजे खाली बसवलेली धूळ पुन्हा उठवणं.

आईंनी पिठलं-भाकरी केली आहे. जेवताना त्या सांगलीच्या घराच्या रंगकामाची आठवण काढतात. दिवाळीच्या आधी दोन पोरं लांबी घासायला यायची, तोंडाला रुमाल, डोक्याला टॉवेल. संध्याकाळी नळाखाली तोंड धुतलं की मगच त्यांचे चेहरे ओळखू यायचे. “खोकायची बिचारी,” आई म्हणतात, “आम्ही त्यांना गूळ द्यायचो.”

हे ऐकताना घास उतरत नाही. आपल्याकडे भिंत विटांची, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टीचे दोन हात. पुट्टीतलं पांढरं सिमेंट आणि दगडाची पूड घासली की उडते ती धूळ इथल्याइतकीच बारीक, वर अल्कधर्मी असल्याने घसा आणि डोळे जास्त झोंबतात. शिवाय खिडक्या बंद ठेवून घासतात, सोसायटीतले शेजारी ओरडतात म्हणून. कापडी रुमालाने बारीक कण अडत नाहीत, तो फक्त नाकात दिसणारी धूळ कमी करतो आणि खोटा धीर देतो. २०२० नंतर एन ९५ औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. रंगाऱ्याचा करार करताना घरमालकाने पेंटचा ब्रँड ठरवावा तसे मास्कही ठरवावेत, हातात द्यावेत आणि पट्टे नीट बांधलेत का ते बघावं, असं मला मनापासून वाटतं. आई म्हणतात, या दिवाळीला सांगलीत पुतण्या घर रंगवतोय, त्याला आजच फोन करते. जेवण झाल्याझाल्या त्या फोन लावतातही.

दुपारी १:३०

भिंती. छतापेक्षा सोप्या, पटपट होतात.

दुपारी २:४५

आतले कोपरे तबकडीने घासता येत नाहीत, ती शेजारच्या भिंतीत खळगा पाडते. तिथे ओला स्पंज. बारीक भोकांचा दाट स्पंज कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा आणि मडच्या कडेवरून हलक्या हाताने फिरवायचा. मड पाण्यात विरघळतं, त्यामुळे कड मऊ होऊन आपोआप विरते. धूळ शून्य. मग संपूर्ण खोलीच अशी का करू नये, असं लेकीने विचारलं होतं. मोठ्या सपाट भागावर ओला स्पंज मऊ मड जास्त काढतो आणि टेपचा कागद तसाच ठेवतो, त्यामुळे तिथे लाट येते. शिवाय कागद फार भिजला तर सुटतो. पण लहान दुरुस्ती असेल, एखादं खिळ्याचं भोक किंवा फुटलेला कोपरा, आणि घरात तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस असेल, तर ओला स्पंजच घ्यावा. तेवढ्यासाठी प्लास्टिक ताणायचीही गरज नाही.

स्पंजचं पाणी नळात ओतायचं नाही. त्यातला गाळ पाइपात बसतो, आणि पावडरचं, रसायनाने आळणारं मड असेल तर ते पाण्याखालीसुद्धा दगड होतं. बादली रात्रभर ठेवायची, वरचं निवळ पाणी अंगणात ओतायचं, गाळ वाळवून कचऱ्यात.

दुपारी ३:३०

खोलीतले सगळे दिवे बंद करून एक प्रखर दिवा भिंतीला लगटून धरायचा. प्रकाश असा तिरपा आला की केसाएवढी रेघही सावली टाकते. दिवसभर जिथे हात फिरवून काही जाणवलं नव्हतं तिथे आता टेकाड दिसतं, खळगा दिसतो. नवरा दिवा सरकवत नेतो, मी पेन्सिलीने खुणा करते, टेकाडाला वर्तुळ आणि खळग्याला फुली. बॉलपेन वापरायचं नाही, त्याची शाई रंगातून वर येते. वर्तुळं २२० नंबरच्या घासायच्या कोरड्या स्पंजने हाताने, शेजारी व्हॅक्यूमचं तोंड धरून. फुल्यांवर मडचा एक पातळ हात. तेवढं उद्या सकाळी ओल्या स्पंजने उतरेल.

या कामात कुठे थांबायचं हे ठरवणं कठीण असतं. तिरप्या दिव्याखाली कुठलीच भिंत निर्दोष नसते. या खोलीला एकच खिडकी आहे. तिच्या शेजारच्या भिंतीवर उजेड आडवा पडणार, म्हणून तिथे आम्ही काटेकोर राहतो. पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीला नाही. आणखी घासणं म्हणजे आणखी धूळ, हेही त्या निर्णयात धरलेलं असतं.

संध्याकाळी ४:३०

झाडू या खोलीत आणायचाच नाही. छतापासून खाली, भिंतींवरून, खिडकीच्या चौकटीवरून, दारांच्या वरच्या कडांवरून, शेवटी जमिनीवर, सगळीकडे व्हॅक्यूमचा मऊ ब्रश. मग ओलसर मायक्रोफायबरने प्लास्टिकची दोन्ही अंगं पुसायची. पंखा अजून चालू, मास्क अजून तोंडावर. बादलीच्या तळाशी जमलेली धूळ गिरणीतल्या पिठासारखी मऊ आणि जड लागते. झाकण उघडायच्या आधी बादलीला पिशवीचं तोंड बांधून मगच उलटी करायची.

जिन्याचा पडदा, जाळ्यांवरचं प्लास्टिक आज निघणार नाही. झडपांच्या दारावरचं तेवढं काढते, कारण आंघोळीला पाणी लागेल. त्याच्या आधी खिडकीतला पंखा बंद. वॉटर हीटर पेटवल्यावर काही मिनिटांनी धुराड्याच्या तोंडाशी पुन्हा उदबत्ती. धूर वर ओढला जातो, म्हणजे वायू बरोबर वाटेने जातोय. तो खोलीत पसरला असता तर हीटर तत्काळ बंद केला असता. फर्नेसचा पंखा मात्र बंदच राहील.

फोनच्या पाठीवरची चिठ्ठी. अलार्मची टोपी काढून बटण दाबते, घरभर कर्कश आवाज होतो, लेक वरून ओरडते.

संध्याकाळी ६:३०

जिन्याच्या वरच्या पायरीवर मी एक काळं कापड सकाळीच पसरलं होतं. आता टॉर्च तिरपा धरून ते बघते. कापड काळंच आहे. आईंना विचारते, छाती कशी आहे. त्या सकाळी आणि आता दोन्ही वेळा पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडा वहीत लिहितात. दोन्ही आकडे जवळपास सारखे. एरवीचा पंप दोन वेळा घेतला, जास्तीचा लागला नाही.

रात्री ८

उद्याचं काम फळ्यावर लिहून ठेवते. रात्रभरात जे काही तरंगत होतं ते खाली बसेल, म्हणून सकाळी वॉटर हीटर पुन्हा बंद करून, मास्क लावून, पंखा सुरू करून पुन्हा एकदा सगळीकडे व्हॅक्यूम. फुल्यांवरचं मड वाळलं असेल तर ओला स्पंज. मग प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालत काढायचं आणि दुपारी नव्या ड्रायवॉलचा प्रायमर. मडवर राहिलेली पूड पुसली नाही तर प्रायमर तिला धरतो, भिंतीला नाही, आणि पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. फर्नेस त्यानंतरच, नवा फिल्टर घालून.